आधी गॅरेज, मग स्पीकर

प्रश्न: आम्ही चिपळूणला राहतो. घराला लागून वीस बाय दहाचं गॅरेज आहे. भिंती चिऱ्याच्या, आतून सिमेंटचा गिलावा, वर पत्रा आणि पुढे लोखंडी शटर. गाडी गेल्या वर्षी विकली. आता तिथे माझी स्कूटर, इन्व्हर्टर आणि अडगळ असते. यजमान बँकेतून निवृत्त झालेत. त्यांच्याकडे नाट्यसंगीत आणि शास्त्रीय गाण्याच्या दोन ट्रंका भरून कॅसेट आहेत, त्यातल्या कितीतरी त्यांनी रेडिओवरून आणि गावातल्या बैठकींत स्वतः टेप केलेल्या. त्यांना तिथे निवांत ऐकत बसायचंय. पुण्याचा मुलगा म्हणतो, करायचंच तर होम थिएटर करू. त्याने सात स्पीकर आणि खर्जासाठी वेगळा सबवूफर असं एक लाख तीस हजारांचं कोटेशन आणलंय. घरातला टीव्ही तिथे हलवला तरी आमची उडी नव्वद हजारांपर्यंतच जाते. यजमानांनी जुना टेपरेकॉर्डर तिथे लावून पाहिला, तर आवाज इतका घुमला की शब्द कळेनात. पत्र्यावर पाऊस लागला की बोलणंही ऐकू येत नाही. शेजाऱ्यांचं घर दहा फुटांवर. 2021 च्या पुरात गॅरेजात छातीएवढं पाणी होतं. काय घ्यावं आणि कोणाचं ऐकावं? आमचा सात-आठ जणींचा कराओकेचा ग्रुप आहे. जमलं तर आम्हालाही तिथे गाता आलं तर बरं.

उत्तर: ताई, दुकानदाराला तूर्त थांबायला सांगा. तुमच्या यजमानांनी टेपरेकॉर्डर लावून पाहिला, त्यातच निम्मं उत्तर आलंय. टेपरेकॉर्डर बिघडलेला नव्हता, बिघाड खोलीत आहे. त्याच खोलीत सात स्पीकर लावलेत तर सात ठिकाणांहून घुमेल आणि शब्द तरीही कळणार नाहीत. म्हणून पैशांचा पहिला आणि मोठा वाटा गॅरेजवर खर्च करा, उरलेल्यात दोन चांगले स्पीकर घ्या. मुलाच्या सात स्पीकरचं काय करायचं ते पुढे सांगते.

घुमतं का, ते आधी बघू. गिलावा केलेली भिंत, कोबा आणि लोखंड हे तिन्ही आवाज जवळजवळ जसाच्या तसा परत फेकतात. हार्वर्डच्या वॉलेस साबिन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घुमाऱ्याचं गणित मांडलं, ते आजही चालतं. उंची दहा फूट धरून मी तुमच्या गॅरेजचा ढोबळ हिशोब केला. रिकाम्या खोलीत एक स्वर विरायला तीन सेकंदांच्या आसपास लागतात. गाण्यातला शब्द नीट कळायला हा वेळ पाऊण सेकंदापर्यंत यायला हवा. संथ ख्याल एक वेळ घुमाऱ्यात चालून जाईल, पण नाट्यपदातली जलद तान आणि त्यातले बोल तीन सेकंदांत एकमेकांवर चढून बसतात. गॅरेज रिकामं करून मधोमध एक जोरदार टाळी वाजवा. टाळीच्या मागून ‘टर्रर्र’ असा धातूचा आवाज येईल. दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये टाळी ये-जा करते, तिचा तो आवाज.

दुसरी अडचण मापांतच आहे. तुमची लांबी रुंदीच्या बरोब्बर दुप्पट आहे. आवाज सेकंदाला साधारण 1140 फूट जातो. त्या हिशोबाने दहा फुटांच्या रुंदीत 57 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 57 कंपनांचा, आणि त्याच्या पटीतले, म्हणजे 114, 171 असे स्वर फुगतात. वीस फुटांच्या लांबीतही 57 आणि 114 येतात, त्यामुळे तेच स्वर दुहेरी फुगतात. गायकाचा षड्ज काळी एकचा असेल तर मध्य षड्ज 139 हर्ट्झच्या जवळ आणि मंद्र पंचम 104 वर येतो. म्हणजे गायक मंद्रात उतरून धैवताच्या आसपास आला की तेवढाच स्वर अंगावर येईल आणि शेजारचे पातळ लागतील. डग्ग्याचा घुमाराही याच पट्ट्यात फुगणार. यजमानांना विचारा, त्यांच्या हे नक्की लक्षात आलं असेल. अशा खोलीत सबवूफर आणला तर जे आधीच फुगलंय ते आणखी फुगेल, हे मुलाला सांगा.

आता उपाय. तुमच्याकडे सगळ्यांत मोठं काम वर आहे, पत्र्याचं. थेंबांनी पातळ पत्रा थरथरतो आणि तोच ढोलासारखा वाजतो. खाली नुसतं थर्माकोलचं किंवा पीव्हीसीचं सिलिंग ठोकलं तर दिसायला छान होईल, आवाजाला फरक पडणार नाही, कारण हलकी वस्तू आवाज अडवत नाही. वजन हवं आणि पत्र्यापासून फारकत हवी. फॅब्रिकेटरला सांगा की सिलिंगची फ्रेम पत्र्याच्या कैच्यांना लटकवायची नाही. दहा फुटांच्या अंतरात भिंतीवरून भिंतीवर चौकोनी पाइप टाकायचे, त्याखाली सिमेंट फायबर बोर्ड मारायचा आणि बोर्डाच्या वर दोन इंची रॉकवूल (दगडाच्या तंतूंची लोकरीसारखी लादी) अंथरायचं. रॉकवूल घनमीटरला 48 किलो घनतेचं मागा. तुमच्या दमट हवेत जिप्समपेक्षा सिमेंट बोर्ड टिकतो, पण तो जड असतो, म्हणून पाइपांचं माप कामगाराच्या अंदाजावर सोडू नका, जाणत्या माणसाकडून ठरवून घ्या. बोर्ड लावण्याआधी पत्र्याचे सगळे स्क्रू आणि वॉशर तपासून गळती बंद करून घ्या. एकदा सिलिंग झालं की गळती शोधायला ते फोडावं लागेल. हेच रॉकवूल एप्रिल-मेमध्ये पत्र्याची धग खाली येऊ देत नाही, आणि अँप्लिफायरला त्याची गरज आहे. त्यातले कपॅसिटर उष्णतेने मरतात, दर दहा अंश तापमानवाढीला त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं.

एवढं करूनही जुलैतल्या कोसळत्या सरीत पाऊस ऐकू येईलच. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो तिथे पत्र्याखाली पूर्ण शांतता या बजेटमध्ये मिळत नाही आणि तसं वचन देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. एरवीच्या पावसात मात्र सुखाने ऐकता येईल.

भिंतींना रॉकवूलचे पॅनेल लावा. सुताराकडून दोन बाय चार फुटांच्या लाकडी चौकटी करून घ्या, त्यांत दोन इंची रॉकवूल भरा आणि वर सैल विणीचं सुती कापड ताणून बसवा. कापड आवाजाला आत जाऊ देणारं हवं. तोंडाला लावून फुंकर मारा, पलीकडे हाताला लागली तर ते चालेल. अशा आठ चौकटी पुरतील. रॉकवूल कापताना मास्क, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे हवेतच, त्याचे तंतू खाजतात आणि छातीत जाणं वाईट. चौकट भिंतीला चिकटवू नका, मागे इंच-दोन इंच मोकळी जागा ठेवा. तुमच्याकडे चिऱ्याच्या भिंती पावसाळ्यात ओल धरतात, मागून हवा खेळली नाही तर पहिल्याच वर्षी बुरशी येईल. पोकळीचा दुसरा फायदा असा की पॅनेल जरा खालचे स्वरही शोषतं. अंड्यांचे ट्रे भिंतीला लावायचा सल्ला तुम्हाला कोणी ना कोणी देईलच. त्यांचा उपयोग नाही. गादीचा फोमही लावू नका, तो भडकन पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो.

पॅनेल कुठे लावायचं ते आरशाने ठरतं. यजमानांनी त्यांच्या खुर्चीत बसायचं आणि तुम्ही बाजूच्या भिंतीवरून हातातला आरसा सरकवत न्यायचा. ज्या जागी त्यांना आरशात स्पीकर दिसेल तिथे पॅनेल. दोन्ही बाजूंना असं करा, मग उरलेली पॅनेल मागच्या अर्ध्या भागात आणि कोपऱ्यांत द्या.

शटरकडे खास लक्ष हवं. दुपारी टेपरेकॉर्डर मोठा करून शटरच्या पट्ट्यांवर तळहात टेकवा. काही स्वरांना पट्ट्या हाताखाली झणझणतात, आणि ती झणझण गाण्यात मिसळून ऐकू येते. शटरवाल्याकडून दोन्ही बाजूंच्या चॅनेलमध्ये रबराची किंवा नमद्याची पट्टी बसवून घ्या, खालच्या फटीला रबरी झालर लावा. मग शटरपासून वीतभर आत छतापासून जमिनीपर्यंत जाड पडदा सोडा, कापड रुंदीच्या दुप्पट घेऊन भरपूर चुण्यांचा. घरात जुन्या गोधड्या असतील तर त्याच वापरा. चार-पाच थरांच्या सुती गोधडीसारखं शोषक कापड बाजारात त्या पैशांत मिळणार नाही. फक्त त्यांना अधूनमधून ऊन दाखवा. खाली सतरंजी टाका. पॅनेल, पडदा आणि सतरंजी मिळून घुमारा माझ्या हिशोबाने पाऊण सेकंदाजवळ येतो.

शेजाऱ्यांच्या बाबतीत एक गैरसमज आधीच काढून टाकते. पॅनेल आणि पडदे खोलीतला आवाज सुधारतात, बाहेर जाणारा आवाज त्यांनी फारसा अडत नाही. चिऱ्याची भिंत तो चांगला अडवते, शटर अडवत नाही. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे, आणि खासगी साउंड सिस्टिमचा आवाज आपल्या हद्दीवर त्यापेक्षा पाच डेसिबलच वर जाऊ शकतो. रात्र म्हणजे दहा ते सहा. पण नियमाच्या आधी शेजारधर्म. काम सुरू करण्यापूर्वी शेजारच्या वहिनींना बोलवा, नेहमी ऐकता तेवढ्या आवाजात गाणं लावा आणि एकदा त्यांच्या घरात जाऊन स्वतः ऐका. दहा फुटांवर आयुष्य काढायचंय.

आता पाणी. 22 जुलै 2021 ला छातीएवढं पाणी होतं, 2005 चा पूरही चिपळूणकर विसरलेले नाहीत. तेव्हा ‘पुन्हा येणार नाही’ असं धरून काहीही बांधू नका. वायरमनला सांगा की एकही प्लग पाच फुटांच्या खाली नको. गॅरेजचं सर्किट घराच्या बोर्डावरून वेगळं काढा, त्याला स्वतंत्र एमसीबी (जास्त भार आला की पडणारा स्विच) आणि 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की लगेच तोडणारा स्विच) द्या, आणि ती घरात वर बसवा, म्हणजे पाण्यात न उतरता वीज तोडता येईल. अँप्लिफायर भिंतीवरच्या उंच फळीवर ठेवा. पॅनेल जमिनीपासून तीन फुटांवर सुरू करा आणि खिळ्यांनी न ठोकता हुकांना अडकवा. सतरंजी चिकटवू नका. स्पीकर असे निवडा की एक माणूस एका हाताखाली एक घेऊन जिना चढेल. सात स्पीकर, सबवूफर आणि त्यांच्या भिंतीत गाडलेल्या वायरी दहा मिनिटांत वर नेता येत नाहीत, दोन स्पीकर आणि एक अँप्लिफायर नेता येतो. तुमच्या गावात एवढं एक कारणही मला पुरेसं वाटतं.

स्कूटर आणि इन्व्हर्टर बाहेर काढा, यावर मी अडून बसणार आहे. बंद शटरमध्ये पेट्रोलची वाफ साचते, आणि कोणी सहज चालू केली तर कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पाणी भरायच्या बॅटऱ्या चार्ज होताना हायड्रोजन सोडतात. आठ जणी गात बसणार त्या बंद खोलीत या दोन्ही गोष्टी नकोत. इन्व्हर्टर हवेशीर जागी, उंचावर. तो स्क्वेअर वेव्हचा असेल तर लाइट गेल्यावर स्पीकरमध्ये घूंऽऽ असा आवाज राहील, बदलायची वेळ येईल तेव्हा साइन वेव्हचा घ्या. खोलीला एक एक्झॉस्ट फॅन लावा, गाताना बंद करता येतो.

खरेदीला मात्र मी फार वेळ घेणार नाही. साडेसहा इंची वूफरचे दोन बुकशेल्फ स्पीकर आणि चॅनेलला 40-50 वॅट आरएमएस (म्हणजे सतत मिळणारी खरी ताकद) देणारा स्टिरिओ अँप्लिफायर. डब्यावर पीएमपीओचे, म्हणजे फुगवून सांगितलेले, हजार-दोन हजार वॅट छापलेले असतील तर ते वाचूच नका. चांगला स्पीकर एका वॅटला मीटरभर अंतरावर 86-87 डेसिबल देतो, म्हणजे तुमच्या खुर्चीपर्यंत दोन्ही मिळून एका वॅटमध्येच 80 च्या आसपास पोचतात. त्याहून मोठ्याने तुमचे यजमान काही ऐकणार नाहीत. अँप्लिफायरला एचडीएमआय एआरसी ही टीव्हीची जोडणी असेल असं बघा, म्हणजे टीव्हीचा आवाज एकाच वायरने येईल आणि रिमोटही एकच राहील. सबवूफरसाठी ‘सब आउट’ असलेला मिळाला तर उत्तम. स्पीकरची वायर दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची साधी दुपदरी घ्या, पाच-सहा मीटरला तिच्यात काहीही कमी पडत नाही. महागड्या केबलचे पैसे वाचवा.

स्पीकर शटरच्या समोरच्या पक्क्या भिंतीकडे ठेवा, भिंतीपासून दोन फूट पुढे, मधे पाच-साडेपाच फूट अंतर. स्पीकरमधला छोटा ट्वीटर (वरचे स्वर वाजवणारा भाग) बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर हवा. खुर्ची समोरच्या भिंतीपासून अकरा-बारा फुटांवर. खोलीच्या बरोब्बर मध्यावर, दहा फुटांवर, बसू नका, तिथे खर्जाचा तोल सगळ्यांत वाईट असतो.

आणि तुमचं कराओके. ते तुम्ही पत्राच्या शेवटी, ‘जमलं तर’ म्हणत लिहिलंय. मला ते पहिल्या ओळीत हवं होतं. खोलीचा सर्वांत जास्त वापर कदाचित तुम्हीच करणार आहात, आणि त्यासाठी जो खर्च लागतो तो सगळ्यांत कमी आहे. चार चॅनेलचा छोटा ऑडिओ मिक्सर (माइक आणि संगीत एकत्र करणारी पेटी) आणि दोन वायरचे डायनॅमिक माइक घ्या, मिक्सर अँप्लिफायरच्या ‘ऑक्स’मध्ये जोडा. संगीताचा ट्रॅक मोबाइलवरून ब्लूटूथने लावू नका. ब्लूटूथमध्ये आवाज सेकंदाचा दहावा ते पाचवा हिस्सा उशिरा येतो, त्यामुळे टॅबवरचे शब्द एकीकडे आणि ठेका दुसरीकडे जातो, आणि गाणारीला वाटतं आपलाच ताल चुकतोय. मोबाइलपासून मिक्सरपर्यंत साधी वायर टाका. माइकची शिट्टी वाजते ती स्पीकरचा आवाज माइकात परत शिरल्यामुळे. म्हणून गाणारीने स्पीकरच्या रेषेच्या पुढे येऊ नये, माइक तोंडाजवळ धरावा आणि त्याची जाळी मुठीत झाकू नये. माइकच्या चॅनेलवर खर्ज कापणारं ‘लो कट’चं बटण असेल तर ते कायम दाबलेलं ठेवा. मिक्सरचा एको अगदी थोडा. घरगुती स्पीकरचे ट्वीटर नाजूक असतात, एक लांब शिट्टी त्यांना जाळू शकते, तेव्हा माइक चालू करताना आवाजाची खुंटी नेहमी शून्यावरून वर न्या.

कॅसेटचं काम मी मुलाकडे सोपवेन. सात स्पीकर आणण्यापेक्षा वडिलांना त्याची ही मदत कितीतरी जास्त उपयोगी पडेल. बाजारातल्या कॅसेट शेवटी घ्या. रेडिओवरून आणि बैठकींत टेप केलेल्या आधी, कारण त्यांची दुसरी प्रत जगात कदाचित नसेल. टेपवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे, ती कॅसेट लावू नका, हेडला लागून पुढच्या सगळ्या खराब होतील. ती वेगळ्या पिशवीत बाजूला काढा आणि जाणकाराकडून साफ करून घ्या. डेकचा रबरी बेल्ट आधी बदलून घ्या. सैल बेल्टने वेग डळमळतो आणि सूर उतरतो. दहा-बारा कॅसेटनंतर हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. यूएसबी ऑडिओ इंटरफेसने (डेकचा आवाज लॅपटॉपात घेणारी छोटी पेटी) लॅपटॉपवर 48 किलोहर्ट्झच्या डब्ल्यूएव्ही, म्हणजे आवाज न दाबलेल्या, फाइल करा, एमपी3 त्यातून नंतर काढता येतात. रेकॉर्डिंग करताना यजमानांना शेजारी बसवा आणि कोण गातंय, कोणती बैठक, साथीला कोण हे ते सांगतील तसं लगेच फाइलच्या नावात लिहा. फाइलींची एक प्रत पुण्याला राहू दे, ट्रंका वरच्या मजल्यावर.

मुलाला हेही सांगा की त्याची योजना मोडीत काढलेली नाही. सिलिंगचं काम चालू असताना मागच्या भिंतीपर्यंत दोन रिकामे पीव्हीसी पाइप टाकून ठेवा. दोन वर्षांनी सबवूफर किंवा मागचे स्पीकर हवेसे वाटले, तर भिंत न फोडता वायर ओढता येईल. पण आधी वर्षभर दोन स्पीकरवर त्याला क्रिकेट आणि सिनेमे बघू दे.

काम पाऊस उघडल्यावर, भिंती वाळल्या की सुरू करा. वाळल्या की नाही ते कळायला हातभर प्लास्टिकचा कागद भिंतीला चारही बाजूंनी टेपने बंद करून दिवसभर ठेवा. आतल्या बाजूला दव धरलं तर आणखी पंधरा दिवस थांबा आणि पुन्हा लावून बघा. तोवर सुताराकडून चौकटी करून घ्या.